तेरचं उत्खनन पाहायला जाताय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

परदेशातल्या काही शहरांत भर चौकात, काचेखाली उत्खनन जपलेलं असतं. वर माणसं चालतात, खाली दोन हजार वर्षांपूर्वीची भिंत दिसते. असे फोटो पाहिलेली मंडळी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला येतात आणि उतरल्या उतरल्या विचारतात, "उत्खनन कुठंय?" समोर असतं एक मोठं खेडं, तेरणा नदी, गोरोबाकाकांचं देऊळ आणि बाभळी माजलेली टेकाडं. तासाभरात दर्शन होतं, सेल्फी होते, संग्रहालयात एक चक्कर होते आणि मंडळी परत.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, या नगराचं नाव येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर, असं त्यात म्हटलंय. इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जायची. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. एवढं शहर इथे आहे, पण ते गावाखाली आणि गावाभोवती आहे, आणि त्याला काच नाही. म्हणून इथे कसं पाहायचं हे आधी ठरवून जावं लागतं.

## १. उघडं काय आहे आणि बुजवलेलं काय, हे आधी समजून घ्या

तेर म्हणजेच तगर, हे फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये मांडलं. लगोलग हेन्री कझिन्स इथे आले आणि त्यांनी इथल्या विटांच्या देवळांची नोंद केली. मोठी खोदकामं झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १९५८ मध्ये चापेकरांनी आणि १९७४-७५ च्या सुमारास शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. पुढेही अधूनमधून खोदकाम झालं. विटांच्या स्तूपाचे अवशेष, मातीची भांडी, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी असं बरंच काही मिळालं.

नवख्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. आपल्याकडे उत्खनन संपलं की खड्डे बहुधा परत मातीने भरून टाकतात. यात हलगर्जीपणा नाही. कच्च्या विटा, मातीची जमीन, राखेचे थर हे सगळं उघड्यावर दोन पावसाळेसुद्धा टिकत नाही. झाकलं की वाचतं. त्यामुळे 'चापेकरांचा खड्डा दाखवा' म्हणून गावात कुणाला छळू नका. तेरमध्ये पाहायच्या गोष्टी तीन: संग्रहालयातल्या वस्तू, उभी असलेली विटांची देवळं आणि टेकाडांच्या कडा.

## २. दिवस निवडा

दसऱ्यानंतर महाशिवरात्रीपर्यंत कधीही जा. एप्रिल-मे मध्ये टेकाडावर सावलीला झाड नाही आणि ऊन मराठवाड्याचं आहे. पावसाळ्यात एक मोह होतो, कारण पावसाने कडा धुऊन निघतात आणि थर स्वच्छ दिसतात. पण काळ्या मातीचा चिखल चपलेला धरला की सोडत नाही आणि गवतात जनावर असतं. पाऊस उघडल्यावर महिनाभराने गेलात तर दोन्ही साधतं.

आठवड्यातला वार महत्त्वाचा. राज्य सरकारच्या संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते, सरकारी सुट्ट्या वेगळ्याच. सोमवार टाळाच, आणि बाकीच्या दिवशीही निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. नेटवर लिहिलेल्या वेळेवर विसंबून लातूरहून, सोलापूरहून येणारे कुलूप पाहून परत जातात.

चैत्र वद्यातली गोरोबाकाकांची यात्रा आणि एकादश्या हा वेगळा मामला. दर्शनाला यायचं तर त्याच दिवसांत यावं, गाव तेव्हा खरं जागं असतं. पण संग्रहालय निवांत पाहायचं असेल तर तो दिवस तुमचा नाही.

## ३. सोबत काय घ्यायचं

- ओळखपत्र. विद्यार्थी असाल तर कॉलेजचंही.
- सुटे पैसे. तिकीट, एसटी, चहा सगळीकडे मोबाईलने पैसे जातील असं धरू नका.
- बॅटरी, म्हणजे टॉर्च. देवळाच्या गाभाऱ्यात मोबाईलचा उजेड पुरत नाही.
- साधं भिंग. मण्यांसाठी आणि नाण्यांसाठी फार उपयोगी.
- वही-पेन्सिल आणि एक फूटपट्टी. विटेच्या बाजूला पट्टी धरून काढलेला फोटो घरी गेल्यावर कामाला येतो.
- बंद बूट. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो.
- पाणी आणि डोक्याला पंचा किंवा टोपी.

शाळा-कॉलेजचा गट आणणार असाल तर एक कागद आठवडाभर आधी पाठवा. संस्थेच्या लेटरहेडवर, संग्रहालयाच्या अभिरक्षकांच्या नावे, मुलांची संख्या, तारीख आणि सोबतच्या शिक्षकांचा फोन लिहा. अचानक साठ मुलं दारात उभी केली तर आतल्या दोन-तीन कर्मचाऱ्यांनी काय करायचं? पत्र असेल तर कुणीतरी बरोबर फिरून सांगतं, आणि त्या सांगण्यातच अर्धी मजा आहे. अभ्यासासाठी कपाटातल्या, म्हणजे प्रदर्शनात नसलेल्या वस्तू पाहायच्या असतील तर हे पत्र पुरत नाही. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची लेखी परवानगी लागते, आणि तिला लागेल तितका वेळ लागतो.

## ४. पोहोचणं

धाराशिवहून तेर वीसेक किलोमीटरवर आहे. एसटी मिळते, काळी-पिवळीही मिळते. लातूरकडून येणाऱ्यांना ढोकीवरून रस्ता आहे. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे गावात उतरताच कंडक्टरला विचारून ठेवा. संध्याकाळी विचारण्यात अर्थ नाही. आदल्या रात्री धाराशिवला मुक्काम करून सकाळी लवकर निघणं सगळ्यात सोयीचं.

## ५. आधी संग्रहालय, आणि तेही घाई न करता

बहुतेक जण देऊळ आधी करतात आणि ऊन चढल्यावर, दमल्यावर संग्रहालयात येतात. माझं म्हणणं उलट आहे. आधी संग्रहालयात डोळा तयार करा. इथे खापर कसं दिसतं, जुनी वीट केवढी असते, हे कळल्याशिवाय टेकाडावर तुम्हाला नुसती माती दिसेल.

रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. गावात पावसाने वर आलेल्या, खणताना सापडलेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या, आणि त्या संग्रहावर हे संग्रहालय उभं आहे. एका गावातल्या माणसाने हजारो वस्तू सांभाळून ठेवल्या, हे पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं आहे. पण पाहताना एक फरक लक्षात ठेवा. उत्खननात सापडलेल्या वस्तूची नोंद असते: कोणता खड्डा, कोणता थर, किती खोल. जमवलेल्या वस्तूला तसा पत्ता नसतो, तिचा काळ घडणीवरून आणि शैलीवरून ठरवतात. म्हणून पाटीवर 'सातवाहनकालीन' दिसलं की विचारा, "ही खोदकामातली की संग्रहातली?" या एका प्रश्नावर कर्मचारी तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात आणि मग मोकळेपणाने बोलतात.

काय चुकवायचं नाही, ते सांगतो.

हस्तिदंती स्त्री. लहानशी आहे, लोक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. थांबा. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, त्याच्या आधीच ती तिथे पोहोचली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची हस्तिदंती मूर्ती तिच्याशी इतकी जुळते, की पाँपेईची मूर्ती दख्खनमधून गेली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. केसांची बांधणी, गळ्यातले अलंकार, कमरेचा पट्टा हे एकेक करून पाहा. समोरची वस्तू मूळ आहे की प्रतिकृती, हेही विचारून घ्या.

पांढऱ्या मातीच्या मूर्ती. केओलिन नावाच्या बारीक पांढऱ्या मातीच्या. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात काढून दोन्ही जोडायचे, म्हणजे मूर्ती आतून पोकळ होते. बाजूने पाहिलंत तर कानाच्या मागून खांद्यावर उतरणारी सांध्याची रेघ काही मूर्तींवर दिसते. भिंग इथे काढा. चेहऱ्यापेक्षा ती रेघ जास्त बोलते, कारण कुंभाराचा अंगठा तिथे फिरलेला असतो.

काळी-तांबडी भांडी. आतून काळी, काठाशी काळी, बाहेरून तांबडी. भांडं भट्टीत उपडं ठेवलं की आतल्या बाजूला हवा मिळत नाही आणि ती काळी राहते. बाहेरची बाजू हवेत तांबडी भाजते. हा रंगाचा हात नाही, भाजण्याची तऱ्हा आहे. हे खापर नीट पाहून ठेवा, टेकाडावर तेच भेटणार आहे.

लाकडी दरवाजा. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट इथे आणून ठेवली आहे. आपल्या हवेत, वाळवीच्या मुलखात इतकं जुनं लाकूड टिकणं दुर्मीळ. दगडी लेण्यांत जे नक्षीकाम पाहतो ते मुळात सुतारांचं होतं, हे या चौकटीपुढे उभं राहिलं की पटतं.

विटा. तेरच्या काही विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. मातीत भुसा, तूस कालवलं की भाजताना ते जळून जातं, वीट सच्छिद्र आणि हलकी होते. चमत्कार म्हणून सांगणारे भेटतील, ऐकून घ्या. विटेची लांबी मात्र स्वतः मोजा. सातवाहनकाळातली वीट आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब असते. मापाचा हा अंदाज पुढे कामाला येतो.

फोटोची परवानगी दारातच विचारा. फ्लॅश कुठेही नको.

## ६. त्रिविक्रमाचं देऊळ: बाहेरून फेरी आधी

पूजेतलं देऊळ आहे, चपला बाहेर. पण आत जाण्याआधी मागच्या बाजूने एक पूर्ण फेरी मारा. मागची भिंत सरळ नाही, अर्धगोल वळते, आणि वरचं छप्पर गजपृष्ठासारखं फुगीर आहे. अजिंठा-कार्ल्यात डोंगर कोरून केलेलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, इथे विटांनी, मोकळ्या जमिनीवर बांधलेलं आहे. असं उभं राहिलेलं बांधकाम देशात फारच थोडं उरलंय. आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर त्यातलं एक. मूळचा हा बौद्ध चैत्य होता आणि नंतर विष्णूचं देऊळ झालं, असं कझिन्सपासून अनेकांनी म्हटलंय. मुळातच देऊळ होतं असं मानणारेही आहेत. गावात या विषयावर वाद घालायला जाऊ नका, तुम्ही पाहायला आलाय.

मग आत जा. समोरचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे हे सांध्यावरून कळतं. आत बॅटरीचा उजेड खालून वर, भिंतीला घासून टाका. विटांचे थर एकेक पुढे सरकत छत कसं मिटत गेलंय ते दिसतं. त्रिविक्रमाची मूर्ती दगडी, एक पाय आकाशात उचललेला. पुजाऱ्यांना आधी विचारा, पूजा चालू असेल तर थांबा.

उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही देवळंही विटांचीच. वेळ कमी असेल तर उत्तरेश्वर करा, कारण त्याची चौकट तुम्ही नुकतीच पाहिली आहे.

## ७. पांढरीच्या टेकाडावर

ही पायरी लोक गाळतात, आणि खरं उत्खनन जवळून समजतं ते इथेच.

जुन्या वस्तीची माती पांढुरकी असते. मातीच्या भिंती, शेण, चुलीची राख, हाडं शतकानुशतकं कुजून भुरभुरीत राखाडी माती तयार होते, तिलाच गावोगाव पांढरी म्हणतात. या मातीला दोन गिऱ्हाइकं होती. शेतकरी खत म्हणून गाड्याच्या गाड्या न्यायचे, आणि माळवदाच्या घरांवर पाणी मुरू नये म्हणून हीच माती टाकायचे. मराठवाड्यातली कितीतरी जुनी शहरं अशी छपरांवर आणि शेतांत गेली. लामतुऱ्यांसारख्यांच्या हाती वस्तू आल्या त्याही अशाच खणण्यातून. दोन्ही गोष्टी एकाच कुदळीच्या.

माती उकरलेल्या जागी उभी कड राहते. शेतमालकाला विचारून, दोन हात लांब उभं राहून ती पाहा. सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात, तिरका उजेड असताना. दुपारच्या उन्हात सगळं एकसारखं सपाट दिसतं. काय शोधायचं:

तळाशी काळी माती दिसली तर ती वस्तीच्या आधीची जमीन. तिच्यावर पांढरी सुरू होते तिथे माणूस आला. मध्येच बोटभर जाडीची कडक, आडवी रेघ दिसते, ती मुरूम ठोकून किंवा सारवून केलेली घराची जमीन. काळपट पट्टा म्हणजे राख: चूल, भट्टी किंवा जळीत. विटांची ओळ दिसली तर लांबीचा अंदाज घ्या, संग्रहालयात मोजलेली वीट आठवा.

सर्वसाधारणपणे खालचा थर जुना, वरचा नवा. पण इथेच सगळे फसतात. नंतरच्या लोकांनी धान्याचं पेव, कचऱ्याचा खड्डा किंवा विटा काढायला चर खणला असेल, तर नव्या काळातली वस्तू जुन्या थराच्या पातळीत जाऊन बसते. कडेत वरून खाली उतरणारी तिरकी रेघ आणि तिच्या आत वेगळ्या रंगाची भर दिसली तर तो खड्डा समजा. 'इतक्या खोल सापडलं म्हणजे इतकं जुनं' असं कुणी ठासून सांगितलं की एवढंच विचारा, खड्डा होता का? काही ठिकाणी भिंतीची वीटच नसते, वीट काढून नेलेल्या चराची नुसती छाप असते. भिंत गेली तरी तिची जागा उरते.

कड खरवडू नका, पाणी मारू नका, काठीने टोचू नका. खोदणारे लोक थर स्पष्ट दिसावेत म्हणून कड तासतात आणि पाण्याचा फवारा मारतात ते खरं, पण ते नोंद करून करतात.

## ८. काहीही उचलू नका, विकत तर मुळीच घेऊ नका

टेकाडावर खापरं पायाखाली येतात. एखादा मणीही चमकतो. बघा, पट्टी ठेवून फोटो काढा, तिथेच सोडा. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे, आणि जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा वेगळाच आहे, परवान्याशिवाय जुन्या वस्तूंचा धंदा करता येत नाही.

एखादा पोरगा खिशातून नाणी काढून "सातवाहनाचं आहे, घ्या" म्हणेल. त्यातली बरीच बनावट असतात. खरं असेल तर ते घेणं गुन्ह्याच्या जवळ जाणारं आहे. पोरावर ओरडू नका. "संग्रहालयात दाखव, तुझं नाव लागेल" एवढं सांगा. आणि खरंच महत्त्वाचं काही उघडं पडलेलं दिसलं, मूर्तीचा भाग, नाण्यांचं भांडं, तर फोटो, जागेची खूण आणि गटक्रमांक घेऊन संग्रहालयात नाहीतर तलाठ्याला कळवा. सोशल मीडियावर जागेसकट टाकलंत तर त्या रात्रीच कुणीतरी कुदळ घेऊन जाईल.

## ९. गोरोबाकाकांकडे जाऊन या

पुरातत्त्वाच्या नादात आलेले कित्येक जण इथे न जाताच परततात, हे मला पटत नाही. दोन हजार वर्षांची खापरं पाहायची आणि मडकी घडवता घडवता अभंग रचणाऱ्या संताच्या गावी त्याच्या समाधीला जायचं नाही, हे कसं? नामदेवाच्या डोक्यावर थापटणं मारून "हे मडकं कच्चं" म्हणणारे गोरोबाकाका ते हेच. समाधी तेरणेच्या काठाला आहे. दर्शन झालं की नदीकडे तोंड करून उभे राहा आणि टेकाडं कुठे कुठे आहेत ते पाहून घ्या. शहर नदीला धरून कसं पसरलं असेल याचा अंदाज तिथून बरा येतो.

जेवणाची मोठी सोय गृहीत धरू नका. चहा, भजी, फराळाचं मिळतं. डबा घेतलात तर चिंता नाही.

## १०. पुढे जायचं असेल तर

दुसऱ्या दिवशी हाताशी वेळ असेल तर धाराशिव शहराजवळची लेणी करा, अंतर थोडं आहे. तेरच्या वस्तूंना जोड हवी असेल तर खरी वाट भोकरदन आणि पैठणची. भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, १९७३ मध्ये उत्खनन झालं. या गावच्या दानशूरांची नावं सांची आणि भरहुतच्या शिलालेखांत आहेत. तिथे जाऊन मात्र फारसं दिसत नाही; भोकरदनमधल्या वस्तूंसाठी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात जावं लागतं. विद्यापीठाच्या सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस बघून, आधी फोन करून जा. हस्तिदंती मूर्तीबद्दल तिथे नाव घेऊन विचारा, आणि तेरला काढलेला फोटो मोबाईलमध्ये उघडून ठेवा, म्हणजे केसांची बांधणी शेजारी शेजारी ताडून पाहता येईल.